हबीबभाईंचे चार प्रश्न

बातमी आली तीच मुळी फोटो होऊन. सकाळी पावणेअकराच्या सुमाराला मी ग्रंथालयात पोहोचून पर्स टेबलावर टाकली आणि फोनवर एक चित्र येऊन पडलं. हिरवी चौकट, मधे हबीबभाईंचा चेहरा, खाली चार ओळी... शेख हबीब, जुने शहर, अकोला, आज सकाळी राहत्या घरी निधन, दफन दुपारच्या नमाजनंतर. मी त्या ओळी दोनदा वाचल्या. मग काय केलं? सगळे करतात तेच. ते चित्र जसंच्या तसं उचललं आणि आमच्या 'वाचन कक्ष' नावाच्या ग्रुपवर ढकलून दिलं.

या ग्रुपवर आम्ही आठ-दहा डोळस कर्मचारी सोडले तर बाकीचे सगळे विद्यापीठाचे आजी-माजी विद्यार्थी, ज्यांना दिसत नाही किंवा अगदीच थोडं दिसतं. त्यांचे फोन त्यांना मजकूर वाचून दाखवतात. चित्रातली अक्षरं फोनला वाचता येत नाहीत. म्हणून फोटो टाकायचा तर त्याच्याखाली तो कशाचा आहे हे लिहायचंच, असा नियम मी आणि हबीबभाईंनी मिळून केला होता. परीक्षेचं वेळापत्रक फोटो काढून टाकलं म्हणून मी परीक्षा विभागातल्या लोकांशी कडाकडा भांडलेली बाई. आणि ज्या माणसासोबत हे भांडण बारा वर्षं भांडले, त्याच्याच मरणाची बातमी मी मुका फोटो करून टाकली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

डोळस मंडळींनी भराभर जोडलेल्या हातांची चिन्हं टाकली. मग वैशालीचा प्रश्न आला, "कशाचा फोटो आहे, मॅडम?" वैशाली आमची जुनी विद्यार्थिनी, पातूरकडच्या एका खेड्यातली, जन्मापासून दृष्टी नाही. आता अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. तो प्रश्न वाचला तेव्हा कळलं, मी काय केलं ते. मी तिला फोन लावला. तीच म्हणाली, "मॅडम, भाई गेले न?"

"तुला कसं कळलं?"

"फोन वाचून राहिला होता. फोटो. मंग जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात... सात डाव आलं. मंग समजलं मले." मग म्हणाली, "त्या फोटोत काय हाय थे लिहून टाका न ग्रुपवर. पोरं इचारून राहिले."

"टाकते," मी म्हटलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. काम चार ओळींचं. अकरा वेळा लिहिलं आणि अकरा वेळा पुसलं. घरात बसवत नाही, ग्रंथालयात लक्ष लागत नाही, पुस्तकाची नोंद करता करता मधेच उठते आणि खिडकीशी जाऊन परत येते. नवरा म्हणतो, तू कोणाची वाट पाहतेयस का? मी ओरडते त्याच्यावर. हा लेखही खरं सांगायचं तर त्या चार ओळींपासून पळ काढण्याचाच प्रकार आहे. चार ओळी जमत नाहीत म्हणून चारशे लिहायला बसलेय.

मी दर्यापूरची. अमरावतीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात कनिष्ठ सहायक म्हणून लागले तेव्हा हबीबभाई तिथे बाइंडर होते. तळमजल्यावर बाइंडिंगची खोली होती. खळीचा आणि त्यात कीड लागू नये म्हणून घातलेल्या मोरचुदाचा तिथे एक उग्र वास असायचा, तो त्यांच्या कपड्यांनाही यायचा. घराणंच जिल्दसाजाचं. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात त्यांचे वडील आणि काका पिढीजात हेच काम करत आलेले. आठवडाभर अमरावतीत एका खोलीत राहायचे, शनिवारी दुपारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला घरी. हातात कायम एक हाडाची पट्टी. कागदाची घडी दाबून बसवायची ती पट्टी त्यांच्या वडिलांची होती, वापरून वापरून साबणाच्या तुकड्यासारखी गुळगुळीत झालेली. पुस्तक शिवायला घेण्याआधी ते पानन् पान मोजायचे. मी एकदा गंमत केली, "भाई, छापखान्यानं मोजली असतील की पानं." ते म्हणाले, "त्यायनं मोजली असन मॅडम, मी नाई मोजली न. सोळा पानायचा फरमा उलटा लागला तरी पुस्तक बाहेरून चांगलंच दिसते."

त्यांची नजर जात चालली आहे हे आम्हाला कळायला दोन वर्षं लागली, कारण त्यांनी ते कळूच दिलं नाही. तेव्हा भारनियमन रोजचंच होतं. एका दुपारी वीज गेली, तळमजल्यावर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला, सगळे कुरकुरत बाहेर आले. हबीबभाई आले नाहीत. मी मेणबत्ती घेऊन खाली गेले तर ते अंधारात बसून शांतपणे पुस्तक शिवत होते. वीज गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. मेणबत्तीचा चटका लागेल इतकी मी जवळ गेले तेव्हा त्यांनी मान वर केली. "कोनाले सांगू नोका मॅडम," इतकंच म्हणाले.

पण सांगावं लागलं, कारण वरच्या माळ्यावर कापायच्या यंत्राशी त्यांचं काम असायचं आणि मला त्यांच्या बोटांची भीती वाटायची. सांगितल्याचा परिणाम असा झाला की त्यांना तिथून उठवून फोनच्या खुर्चीत बसवलं. दिवसातून दहा-बारा फोन येणार, ते जोडून द्यायचे, बाकी नुसतं बसायचं. ज्याच्या हाताला जन्मात स्वस्थता नाही अशा माणसाला नुसतं बसवण्यापेक्षा घरी पाठवलेलं बरं. खुर्चीत बसून ते पट्टीनं टेबलाची कड घासत राहायचे. पॉलिश निघून पांढरा पट्टा पडला होता तिथे. मी समोरून जाताना पाऊल न वाजवता जायचे... मीच सांगितलं होतं ना. त्यांना कळायचंच. "या मॅडम," म्हणायचे.

नंतर विद्यापीठातून पत्रक आलं की न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचं साहित्य संगणकावर उपलब्ध करून द्यावं. काम माझ्याकडे आलं. मी उत्साहाचा पुतळा! एक स्कॅनर, दोन टायपिस्ट आणि सहा महिने. पुस्तकांमागून पुस्तकं स्कॅन करून आम्ही संगणकात भरली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मला वाटलं, कुणाकडून तरी एकदा ऐकवून घ्यावं. हबीबभाईंनी सुट्टी टाकून एका अंधशाळेच्या वर्गात बसून संगणक शिकून घेतला होता, पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यांना वापरता यायचा. त्यांनी कानाला हेडफोन लावले, पहिलं पुस्तक उघडलं. मग दुसरं. मग तिसरं. मग हातातली पट्टी टेबलावर आपटली. टक.

"कोरं हाय न मॅडम."

"कसं कोरं असेल? मी स्वतः भरलंय. यंत्रात बिघाड असेल."

"मशीन बराबर हाय. तुमी पानाचा फोटू काढला. फोटू पाह्याले असते, आयकाले नसते." त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. यंत्रातली बाई इंग्रजीत, अगदी थंड आवाजात, पान कोरं असल्याचं सांगत होती. पुढचं पानही कोरं. त्याच्या पुढचंही. सहा महिन्यांची कोरी पानं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग निघाला तो हबीबभाईंवर. आधी नाही का सांगायचं, म्हणून मी त्यांच्यावर खेकसले. ते म्हणाले, "आधी कोनी इचारलं मले?"

उद्घाटन पुढे ढकललं. सगळं नव्यानं टाइप करायला घेतलं आणि हबीबभाईंना फोनच्या खुर्चीतून उठवून, त्यांच्या त्याच टेबलासकट, जुन्या बाइंडिंगच्या खोलीत संगणकासमोर बसवलं. पदाचं नाव काही बदललं नाही, कागदोपत्री ते शेवटपर्यंत बाइंडरच. काम मात्र असं, की तयार झालेलं पानन् पान ऐकायचं आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय ते विद्यार्थ्याकडे जाऊ द्यायचं नाही. यंत्राचा वेग ते इतका वाढवून ठेवत की आपल्याला नुसती गिरणीची घरघर ऐकू यावी. त्या घरघरीत कुठे शब्द अडखळला, ओळ गळली, पान उलटसुलट झालं की पट्टी टेबलावर, टक. दोन्ही टायपिस्ट मुली त्या आवाजाला परीक्षेच्या निकालाला भ्यावं तशा भ्यायच्या. मी साहेबीण, मीही भ्यायचे.

वैशाली एम. ए. ला आली ती या खोलीत आमचं बऱ्यापैकी बस्तान बसल्यावर. ती वर्षं आमच्या भागातल्या शेतकऱ्यांवर अहवाल लिहिण्याची होती. जो तो वऱ्हाडात यायचा, पाहणी करायचा, फोटो काढायचा, जाडजूड पुस्तक छापायचा आणि एक प्रत ग्रंथालयाला भेट पाठवायचा. शेतात काय पोहोचलं देव जाणे, आमची कपाटं मात्र भरली. दर्यापूरला गेले की भाऊ विचारायचा, "ताई, इतकं लिहून राहिले आमच्यावर, कोनी वाचते काय?" मी विषय बदलायचे. आणि एक दिवस ही मुलगी पांढरी काठी टेकत आली आणि त्यातलाच सगळ्यांत जाड अहवाल मागू लागली. लघुप्रबंध लिहायचा होता तिला, शेतीतल्या बायांच्या कामावर.

"तो छापील आहे गं, चारशे पानांचा," मी म्हटलं. "दुसरं काही घे ना."

"मॅडम, मी आईसंग कापूस येचला हाय. बोंड उमललं का नाई थे हाताले समजते मले. आमच्या गावावर सारं जग लिहून राहिलं. बाकीचे वाचू शकतात, मंग मीच कावून नाई?"

हबीबभाईंनी कोपऱ्यातून पट्टी वाजवली. "आना मॅडम पुस्तक," म्हणाले.

त्या अहवालानं आमचा जीव काढला. मजकूर टाइप होत होता, पण तक्ते! तक्ता डोळ्यांनी वाचताना आपण वर मथळ्याकडे एकदा पाहतो आणि खाली येतो. कानाला तसं करता येत नाही. यंत्र नुसते आकडे ओळीनं म्हणत सुटायचं आणि कुठला आकडा मजुरीचा, कुठला कापसाचा, काही पत्ता लागायचा नाही. हबीबभाई म्हणायचे, "आकडा एकटा सोडू नोका मॅडम. त्याच्यासंग त्याचं नाव पाठवा." मग प्रत्येक आकड्याला त्याचा मथळा बांधून द्यायचा. एकेका तक्त्याला एकेक दिवस. वैशालीची सादर करायची तारीख जवळ येत गेली आणि सगळ्यात शेवटी उरले फोटो. एकोणीस.

आता जे लिहायचं आहे ते लिहिण्यासाठीच बहुधा मी हे सगळं लिहीत आले.

सहा दिवस उरले होते. टायपिस्टांपैकी एक आजारी होती. मी थकले होते, चिडले होते, हे सगळं खरं. पण त्याहून खरं हे की माझ्या मनात आलं, न दिसणाऱ्या मुलीला फोटोंचं काय एवढं? शोभेच्या गोष्टी त्या. मी पहिला फोटो पाहिला. शेतात उभा असलेला शेतकरी. तसं लिहिलं. दुसरा ओझरता पाहिला, तसाच वाटला. मग ती ओळ उचलली आणि फोटोंखालचे छापील शब्दही न वाचता एकोणीसही ठिकाणी चिकटवली. 'शेतात उभा असलेला शेतकरी.' पाट्या टाकणं म्हणतात ना, ते.

हबीबभाई ऐकत होते. घरघर चालू होती. मग पट्टी वाजली.

"मॅडम, एकोनीसही जनं शेतात उभेच हायेत काय?"

"हो, उभेच आहेत!" मी म्हटलं. "आता पाठवू द्या ना भाई, पोरीचे दिवस जाताहेत."

त्यांनी थोडा वेळ पट्टी बोटांत फिरवली. "तुमाले दिसते मॅडम," ते म्हणाले. "तुमी म्हनता त असन." आणि होकार दिला.

तोंडी परीक्षेला वैशालीची मदतनीस म्हणून मी तिच्या शेजारी बसले होते. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, सभ्य होते, अहवालाची छापील प्रत त्यांनी सोबत आणली होती. वैशाली छान बोलत होती. तिसऱ्या प्रकरणावर आली आणि ठासून म्हणाली की शेतातलं निम्म्याहून जास्त काम बाई करते, पण या अख्ख्या अहवालात बाईचा एकही फोटो नाही. एकोणीस फोटो, एकोणीस पुरुष, सगळे शेतात उभे. हाच तिच्या प्रबंधाचा कणा होता. ते प्रकरण मी वाचलंच नव्हतं... टाइप तिनं स्वतः केलं होतं.

परीक्षकांनी पुस्तक उघडलं. "मग या कोण आहेत?" ते माझ्याकडे पाहून म्हणाले आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. वैशालीनं माझ्या दिशेला तोंड वळवलं. "सांगा न मॅडम, कोन हाय?"

"बाई आहे," मी म्हटलं.

"अजून हायेत?"

मी पानं उलटत गेले. "चार आहेत, वैशाली."

मला वाटलं ती म्हणेल, ही ओळ ग्रंथालयानं दिली होती. म्हणायला हवं होतं तिनं. ती म्हणाली, "मंग माझं तिसरं प्रकरण खोटं हाय सर. मी थे मांगं घेते." त्या वेळी तरी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं, पण उशिरा. ती बाहेर गेल्यावर परीक्षकांना सांगितलं की चूक माझी होती. त्यांनी प्रकरण नव्यानं लिहायला पंधरा दिवस दिले. पण परीक्षकांसमोर, त्या खोलीत, ती खोटी ठरली ती ठरलीच.

हबीबभाईंना सांगायला खाली गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पट्टी खिशात टाकली, काठी घेतली आणि अर्ध्या दिवसाची रजा न टाकताच निघून गेले. त्या माणसानं नोकरीत असं कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्याआधी येऊन बसले होते. म्हणाले, "मॅडम, मशीननं चूक केली त मी पकडतो. मानसाची कशी पकडू? तुमी जे लिहान, थेच आमाले दिसन." एवढंच. पुढच्या बारा वर्षांत त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. मग म्हणाले, "आना पुस्तक. पैल्या फोटूपासून."

तेव्हापासून त्यांचे चार प्रश्न सुरू झाले. कोण आहे? काय करून राहिलं? हातात काय? नजर कुठं? मी पहिल्या बाईबद्दल सांगायला लागले, "बिचारी, कष्टानं पिचलेली..." तर, टक. "थे तुमाले वाटलं. फोटूत काय दिसते?" मग नीट पाहावं लागलं. बाई चाळिशीची. वाकलेली. कमरेला फडकं बांधलंय, त्यात कापूस. हातात बोंड. नजर कॅमेऱ्याकडे नाही, बांधावर काढून ठेवलेल्या स्वतःच्या चपलांकडे. "कावून बरं चपलांकडं?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. "मंग नोका लिहू कावून. चपला लिहा." एकेका फोटोला पाऊण-पाऊण तास गेला. चष्मा लावून, भिंग घेऊन मी त्या बायांकडे पाहत बसायचे. चिडचिड व्हायची. डोळे असून आपल्याला पाहता येत नाही, हे न दिसणाऱ्या माणसाकडून समजून घेणं सोपं नसतं. आणि त्यात एक गोष्ट सापडली. पुरुषांच्या फोटोंखाली त्यांची नावं होती. चार बायांच्या खाली एकीचंही नव्हतं. वैशालीनं तिसरं प्रकरण त्यावर लिहिलं आणि ते पहिल्यापेक्षा चांगलं झालं. पण म्हणून माझी चूक धुऊन निघाली असं कोणी म्हणू नये. मी तरी म्हणत नाही.

मग विद्यापीठात जे जे काही ऑनलाइन गेलं ते आमच्या खोलीतून जावं यासाठी आम्ही दोघं भांडत राहिलो. परीक्षेचा अर्ज, निकाल, नोट्स, वेळापत्रक. अर्ज भरताना वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची असतात, ती न दिसणाऱ्याला कशी ओळखता येणार, हे समजावायला हबीबभाई अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले आणि त्यांना म्हणाले, "साहेब, डोळे मिटा आन् तुमचा फॉर्म तुमी भरा." साहेबांनी खरंच डोळे मिटले. दोन मिनिटांनी उघडले आणि चहा मागवला. ते काम झालं. कितीतरी झाली नाहीत. आजही रोज कुणीतरी कुठूनतरी मुका फोटो टाकतंच.

निवृत्तीच्या दिवशी त्याच खोलीत छोटा समारंभ झाला. मानपत्र छापून चौकटीत घालून आणलेलं, म्हणजे पुन्हा मुकंच! मी ते त्यांच्या शेजारी उभी राहून वाचून दाखवलं. निवृत्तीनंतर ते अकोल्याला गेले, तरी महिन्यातून दोन-तीनदा पहाटेची गाडी धरून यायचे आणि हक्कानं खुर्चीत बसून नवं आलेलं ऐकायचे. शेवटचे आले ते जाण्याआधी महिनाभर. जिना उतरताना दोनदा थांबले. मी म्हटलं, भाई, आता घरूनच ऐकत जा, मी फोनवर पाठवते. म्हणाले, "घरी टेबल नाई मॅडम. पट्टी कशावर वाजवू?" मी हसले. त्यांच्या छातीत दुखत होतं, हे नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं.

त्या दिवशी मी मूर्तिजापूरमार्गे बसनं अकोल्याला पोहोचले तोवर दफन होऊन गेलं होतं. जुन्या शहरातल्या त्या अरुंद गल्लीत पुरुष बाहेर पलंगांवर बसलेले, आत बायका. त्यांची मुलगी रुखसाना मला आतल्या खोलीत घेऊन गेली. कपाटात त्यांनी स्वतः बांधलेल्या पुस्तकांची रांग होती, एकाही पुस्तकावर नाव नाही, नुसत्या बोटाला लागतील अशा खुणा. रुखसानानं रुमालात गुंडाळलेली पट्टी माझ्या हातात ठेवली. "ये आप ही रखो मॅडम. यहाँ इसका टक-टक अब कौन सुनेगा?" मी नको म्हणू शकले नाही. त्या पट्टीवर माझा काय हक्क आहे, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही.

आणि तो फोटो. अकरा वेळा लिहिला म्हटलं ना? पहिल्यांदा लिहिलं, 'शांत, समाधानी चेहऱ्याचे आपले लाडके हबीबभाई.' पुसलं. मग 'निष्ठेचं तेज असलेला' असं काहीतरी लिहिलं, त्याची तर लाजच वाटली. प्रत्येक वेळी मला तो आवाज ऐकू यायचा आणि मी पुसायचे. हा लेख इथवर लिहून झाला आणि परवा वैशालीचा निरोप आला, "मॅडम, फोटोचं अजून आलं नाही." रागाचा नव्हता निरोप. एका ओळीचा. काल दुपारी मी खाली त्या खोलीत गेले, पट्टी टेबलावर ठेवली, फोन जवळ धरला, चष्मा पुसला आणि त्या चित्राकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तो निवृत्तीच्या दिवसाचा फोटो निघाला. कुणीतरी त्यातून त्यांचा छातीपर्यंतचा भाग तेवढा कापून घेतला होता. मी लिहिलं आणि परत न वाचता ग्रुपवर टाकलं:

'फोटोत शेख हबीब आहेत, आपले हबीबभाई. पांढरी दाढी, पांढरी टोपी, फिकट निळा शर्ट. ओठ मिटलेले, मान एका बाजूला कललेली, ऐकताना कलते तशी. नजर कॅमेऱ्याकडे नाही. फोटोच्या डाव्या कडेला मानपत्राची चौकट धरलेली दोन बोटं दिसतात, तिकडे आहे. बोटांचा माणूस कापला गेला आहे. ती बोटं माझी आहेत.'

दोन मिनिटांत वैशालीनं लिहिलं, "हातात काय, ते राहिलं मॅडम."

मी पुन्हा पाहिलं. 'हात फोटोत आलेले नाहीत,' मी लिहिलं. 'छातीखाली फोटो कापला आहे.' आणि मग, लिहावं की लिहू नये कळेना, तरी लिहिलं, 'पट्टी माझ्याजवळ आहे.'

मग तिच्या आवाजातला निरोप आला. "वाजवून पाठवा न."

मी फोन टेबलावर ठेवला, आवाज भरायचं बटण दाबलं आणि पट्टी उचलून जुन्या पांढऱ्या पट्ट्याच्या जागी एकदा वाजवली. टक. पाठवून दिलं. तिचा निरोप आला तो मी कानाला लावून ऐकला.

"हो मॅडम. भाईच हायेत."